सातव्या गाण्याचं दान

हसणार असाल तर चहाचा घोट आधी गिळून घ्या बाई! देवाच्या दारात मी जो घोटाळा करून ठेवला, तो आठवला की अजून हळहळते.

तेव्हा घरोघरी कॅसेटी होत्या. यांची बदली लातूरला, मी मुलांना घेऊन नाशकात. धाकटे दीर विनूभाऊजी नागपूरला नोकरीला. उन्हाळ्यात आले तेव्हा एक कॅसेट ठेवून गेले.

"वहिनी, जुनं अमेरिकन जॅझ आणि सोल आहे. सोळा गायक, एकेकाचं एकच गाणं. त्यांच्या गल्लीतही कुणी ओळखत नसेल त्यांना!"

"मग तुम्हाला कुठे भेटले?"

"कुणी वेडा जुन्या तबकड्या धुंडाळून असे संग्रह काढतो, आणि मी वेडा मुंबईच्या फुटपाथवरून ते उचलतो. ऐका तुम्ही, पुढच्या खेपेला नेईन."

फुलवाती वळताना लावली. सहा गाणी नुसती ढमढम! सातवं लागलं आणि माझा हात थांबला. एक बाई गात होती. शब्द एक कळेना. पण देवघरात एकटी असले की मी देवाशी जशी कुरकुरते ना, अगदी तश्शी! मग काय, रोज वाती आणि सातवं गाणं. रिवाइंडचं बटण ढिलं झालं.

आषाढी आली. 'यांची बदली नाशिकला होऊ दे' म्हणून चातुर्मासाचा नेम धरला. सगळ्यात आवडती वस्तू सोडायची. आमच्या मैत्रिणी कारलं सोडतात. कारलं! देवाला काय कळत नाही? मी सातवं गाणं सोडलं. चार महिने!

नेम संपला की सोडलेली वस्तू दान करायची असते. कार्तिकीला ताटात तांदूळ, सुपारी, वर ती कॅसेट, आणि पंचवटीत आमच्या गुरुजींच्या हाती दिली. डोळ्यांत पाणी, मनात केवढं समाधान!

आठच दिवसांत भाऊजी दारात. "वहिनी, माझी कॅसेट?"

माझी! चार महिन्यांत हा शब्द डोक्यातही आला नव्हता हो!

धावत पंचवटी गाठली. गुरुजी म्हणाले, "अहो, माझ्याकडे कुठला टेप? एका यात्रेकरूला देऊन टाकली. गेला तो इंदूरला."

"पण ती आमच्या दिरांची होती!"

"म्हणजे नेम तुमचा, वस्तू त्यांची?"

"हो."

"मग दानाचं पुण्य त्यांना!"

भाऊजी चिडलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दोनदा मुंबईचे फुटपाथ पालथे घालून आले, रिकाम्या हातांनी. आणि मी? त्या बाईचं नावही कधी वाचून ठेवलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास फोन वाजला. "वहिनी, बदली झाली! नाशिकला!"

देवापुढे साखर ठेवायला धावले, आणि अर्ध्यात थबकले. हे मला 'वहिनी' कधीपासून म्हणायला लागले?

भाऊजी सामानासकट आमच्या मागच्या खोलीत आले. संध्याकाळी ते सातव्या गाण्याची चाल आठवत बसत, मी पोळ्या लाटता लाटता चुकलेली जागा सांगे. कधीतरी पुन्हा सापडेल, दुसरं काय!

यांना फोनवर सगळं कबूल केलं. तर लातूरहून म्हणाले, "अगं, पुढच्या चातुर्मासात माझी एखादी वस्तू दे ना दान!"