बाजूला व्हा, बाबा

त्याच्या पायाला भिंगरी होती, म्हणून बापाने त्याचं नावच भिंगरी पाडलं. कुठे मिरवणूक आहे असं कळलं की गडी कॅमेरा खांद्याला अडकवून पहिल्या बसमध्ये. बँडवाले, फुगेवाले, रस्त्यात खुर्ची टाकून दाढ्या करणारे, गर्दीत आईच्या खांद्यावर झोपलेली पोरं, सगळं टिपायचं आणि घेईल त्या वर्तमानपत्राला पाठवायचं. लग्न नाही, घर नाही. बाप शिंपी, ताईकडे राहायचा. अलीकडे त्याला सुई कुठे ठेवली ते आठवेना, पुढे पुढे सुई कशाला लागते तेही आठवेना. ताई ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झाली आणि म्हातारा भिंगरीच्या गळ्यात पडला.

त्याच आठवड्यात एक मोठी मिरवणूक होती, आणि ती काही वर्षातून दोनदा निघत नाही. भिंगरी बापाला घेऊनच निघाला.

बसमधून उतरताच त्याने बजावलं, "बाबा, हा कॅमेरा दिसतोय ना? याच्या समोरून हलायचं नाही. हा जाईल तिकडे तुम्ही."

"शेपूट होऊन येतो," म्हातारा म्हणाला.

आणि आला. बँडमास्तरने काठी उंच फेकली, भिंगरीने बटण दाबलं, चौकटीत बाप. फुगेवाला फुगा फुटून दचकला, चौकटीत बाप. कधी नुसता कान, कधी खांदा. बिघडलेला फोटो तिथल्या तिथे पुसायचा ही भिंगरीची जुनी सवय, कार्डात जागा राहायला हवी. चरफडत तो बापाला पुसत राहिला. शेवटी उंच बांबूंवर चालणारी मंडळी आली, नेमकी तिरप्या उन्हात, आणि बाप पुन्हा मध्ये.

"बाजूला व्हा, बाबा. लांब व्हा जरा."

म्हातारा बाजूला झाला. बांबूवाल्यांचे फोटो फार सुंदर आले. भिंगरीने मान वळवली तेव्हा बाप कुठेच नव्हता.

हाका मारून घसा बसला, पण बँडपुढे कोण ऐकतो. मग डोकं चाललं ते फोटोवाल्याचंच. तो पोस्टाच्या पायऱ्यांवर चढला आणि आख्खी गर्दी धडाधड टिपत सुटला. एकेक चेहरा मोठा करून बघू, सापडेलच. कार्ड भरत आलं. चेहऱ्यांचा नुसता पूर, त्यात बाप नाही.

चौकीत हवालदाराने विचारलं, "अंगावर काय होतं?"

भिंगरीला बँडमास्तरच्या कोटाचं तुटकं बटण आठवत होतं. बांबूवरच्या पोरीचे दोन रंगांचे मोजे आठवत होते.

"सदरा," तो म्हणाला.

"सदरा मीही घालतो घरी. रंग सांगा."

भिंगरीचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला.

"गळ्यात एवढं धूड अडकवलंय, आजचा एक फोटो नाही?"

"होते. पुसले."

ताईला फोन लावला. "अरे, डझनभर सदरे आहेत त्यांचे, स्वतः शिवलेले. मी इथे सलाइन लावून पडलेय, मला काय स्वप्न पडणार आज कुठला घातला ते?" मग तिचा आवाज बारीक झाला. "सकाळपासून तू होतास ना रे त्यांच्याबरोबर?"

त्याने फोन ठेवला.

चौकीशेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. पुसलेले फोटो परत मिळतात असं भिंगरीने कुठेतरी ऐकलं होतं. दुरुस्तीवाल्याने कार्ड लॅपटॉपला लावलं. "पुसलं म्हणून लगेच जात नाही हो. माल गोदामातच असतो, फक्त बाहेर 'जागा रिकामी' अशी पाटी लागते. पुसल्यावर नवीन नाही ना काढले काही?"

भिंगरीला पोस्टाच्या पायऱ्या आठवल्या. बापाला शोधायला टिपलेली गर्दी बापाच्याच जागेवर जाऊन बसली होती.

एकच फोटो निघाला, तोही अर्धा. वरचा भाग स्वच्छ, हनुवटीखाली सगळं करडं. सदरा त्या करड्यात गेलेला. चेहरा मात्र होता. मागे मिरवणूक चाललेली आणि म्हातारा तिच्याकडे बघतच नव्हता. तो थेट भिंगात बघत होता, ओळीत उभं केलेलं पोर गुरुजींकडे बघतं तसा. मी आहे ना जागेवर?

"छापू?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"छापा."

कर्ण्यावरून पुकारा झाला. म्हातारे गृहस्थ, अंगात सदरा, रंग माहीत नाही. कोणीतरी हसलं. अर्धा फोटो हातोहात फिरला आणि परत आला. मिरवणूक पांगली, झाडूवाले आले, म्हातारा आला नाही.

भिंगरी पोस्टाच्या पायरीवर दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरून उभा होता. फुगेवाला उरलेले फुगे घेऊन निघाला. जाता जाता म्हणाला, "दादा, आता काय टिपताय? रस्ता रिकामा झाला."

"टिपत नाहीये. बाबांना हा लांबून दिसायला हवा."

दिवस बुडाला तशी कॅमेऱ्याची आकृती दिसेनाशी झाली. मग त्याने कार्ड काढून खिशात टाकलं आणि नुसताच फ्लॅश मारायला लागला. हात भरून आले, पण खाली घेतले नाहीत. रिकाम्या रस्त्यावर क्षणभर पांढरा उजेड पडायचा, आणि दर वेळी तो त्या उजेडात बघायचा, कोणी मध्ये येतंय का.