लहान मुलांच्या वार्डातल्या बायका

नर्सिंग कॉलेजचा शिपाई सायकल आडवी टाकून दारात आला, तेव्हा माझे पाय हातमागाच्या खड्ड्यात होते. म्हणाला, "बाबा, चला, मॅडम पडल्या." मला वाटलं, जिन्यावरून पडली असेल, हात मोडला असेल. म्हणून हातातला धोटा सुतातून पुरता पलीकडे काढला, मग उठलो. दवाखान्यात पोचलो तर तिच्यावर चादर ओढली होती. पोरींना शिकवता शिकवता फळ्यापुढेच गेली... डोक्यातली नस फुटली म्हणतात. सकाळी वांग्याच्या भाजीवरून माझ्याशी भांडून गेलेली बाई. पाच आठवडे झाले, माझं डोकं अजून त्या चादरीपाशीच थांबलं आहे.

विमल माझी बायको. मी चौथी नापास, कोष्ट्याच्या घरचा, लुगडी विणणारा. साठ-बासष्ट साली लग्न झालं तेव्हा ती नर्स झालेली होती. पुढं शिकायला दोन वर्षं दिल्लीला गेली, मी जाऊ दिलं. लोक हसत, "बायको साहेब होऊन राहिली, अन् तू गा?" मी म्हणे, "मी साहेबाचा मालक." इथवर मी शहाणा होतो.

मग तिनं संशोधनाला गुप्तरोगाचा विषय घेतला. बाजारामागच्या वस्तीत बायका धंद्याला बसतात, तिथं एका खोलीत त्यांना तपासायला जाऊन बसू लागली. त्या बायका तोंड उघडत ना. नाव लिहून घेतलं की मागून पोलीस येतो, हे त्यांना पक्कं माहीत. तर हिनं नाव विचारणंच सोडलं. प्रत्येकीच्या कार्डाला माझ्या मागावरच्या सुताचा तुकडा बांधायची. कोणाचा लाल, कोणाचा हिरव्यावर पिवळा. बाईनं आपला रंग सांगायचा, की तिचं कार्ड निघे. अशी कार्डं जमवून तिनं मोठा प्रबंध लिहिला. मी वाचला नाही. वाचून कळलाही नसता. पुढं मद्रासकडून एड्स नावाच्या नव्या रोगाची बातमी आली, तेव्हा मोठे मोठे डॉक्टर त्या बायकांना हात लावायला भीत. ही त्यांचा हात हातात घेऊन बसायची. कॉलेजातल्या पोरींना म्हणायची, निरोध देताना तोंड फिरवाल तर देऊच नका.

आणि घरी मी तिला सांगितलं, वस्तीतून आलीस की आधी अंगणात आंघोळ कर, मग मागाला शीव. ती एकदाच बोलली. "साऱ्या नागपूरले सांगून राहिली मी, शिवल्यानं लागत नाही म्हून. तुमाले काहून समजत नाही?" मी मागावर जाऊन बसलो. तिनं बादली उचलली. पौषाच्या थंडीतही उचलली. लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं.

मोहल्ल्यात मी सांगत होतो, विमल लहान मुलांच्या वार्डात असते. वर्षानुवर्षं सांगितलं. तिला हे ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो.

तेरवीला पंगत बसली असता पाच बायका आल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. मी ओळखलं, या त्या वस्तीतल्या. गल्लीतली एक बाई वाढत होती, ती म्हणाली, "कुठून आल्या वं बायाहो?" त्यांतली वयानं मोठी होती ती म्हणाली, "लहान मुलांच्या वार्डातून, माय. आमच्या लेकराइले बाईनं वाचवलं."

माझ्या हातातला द्रोण तसाच राहिला. त्या निघाल्या तेव्हा कोपऱ्यापर्यंत मागं गेलो. "हे कोनं सांगतलं तुमाले?"

"बाईनंच. म्हने, घरी याचं काम पडलं तं असंच सांगजा. मी तुमचं झाकते, तुमी माह्या मानसाचं झाका."

"कवापासून?"

"लय वर्षं झाले. तुमी मनाले लावून घेऊ नका, बाबा. हासून सांगे बाई."

परत आलो. मागल्या अंगणात गल्लीतलीच दुसरी एक बाई भांडी घासायला थांबली होती. कोण, ते लिहीत नाही. मी तिच्यापुढं उभं राहून सांगून टाकलं, "त्या बाया वार्डातल्या नाही. वस्तीतल्या आहे. विमल तिकडेच जाय. मी खोटं बोललो तुमच्यापाशी, सारे दिवस."

ती घासतच राहिली. "मले ठाऊक आहे, भाऊ."

"कोनं सांगतलं?"

तिचा हात थांबला. वर न बघता म्हणाली, "कोन कायले सांगन? मी बी गेली होती बाईपाशी. घरच्यानं बाहेरून आनलं होतं दुखनं... कोनाले समजू नाही देलं तिनं."

गल्लीत भिंतीला भिंत लागून आम्ही सारे राहतो. विमलनं मला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. त्या बाईनं पुन्हा राख घेतली, आणि आणखी कोण कोण गेल्या, हा पुढचा प्रश्न तोंडातच ठेवून मी तिच्या भांड्यांवर पाणी ओतू लागलो.