वरची ओळ

दुपारचा आमटीभात खिडकीजवळच्या आरामखुर्चीत काकतकर मास्तरांच्या पापण्यांवर येऊन बसतो आणि सत्काराचं भाषण हातातून घसरतं. 'सीमालढ्याचा निर्भीड आवाज' म्हणून संध्याकाळी बेळगावात त्यांना शाल मिळायची आहे. डोळे पुरते मिटायच्या आत समोर शिडी दिसते. शिडीवर ईरण्णा बडिगेर, दातांत ब्रश धरून. हा पाट्या रंगवणारा, मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. मराठीवाल्यांनी कानडी पाटी डांबराने फासली की हाच पुन्हा रंगवायचा, कानडीवाल्यांनी मराठी फासली तरी हाच. तो जाऊन दोन महिने झालेत. पण तो विषय आत्ता काढणं बरं दिसत नाही.

"ये की जयवंता. शिडी धर."

मास्तर धरतात. वर ईरण्णाच्याच दुकानाचा बोर्ड आहे. वरची ओळ कानडी, खालची मराठी. मराठीवर डांबर.

"ईरण्णा, एक सांगायचं होतं."

"चाळीस वर्षं झाली. सांग की."

"हे मी फासलं."

"माहीत आहे. फटका उजवीकडून डावीकडे गेलाय. गल्लीत डावखुरा तूच एक." ईरण्णा ब्रश झटकतो. "कानडी ओळ फासायला आलास, हात पोचला नाही, मराठी फासून गेलास. दुसऱ्या दिवशी मराठीच्या विटंबनेची निषेध सभा. भाषण कुणाचं?"

"माझं."

"झकास झालं होतं लेका. मी पण टाळ्या वाजवल्या."

मास्तरांना हसू फुटतं.

"तेव्हाच का बोलला नाहीस?"

"तू येऊन सांगशील म्हटलं. वर्षभर तसाच ठेवला की बोर्ड."

शिडीच्या शेवटच्या पायरीवर तिसरीचा वर्ग आहे. एका बाकावर दोघं, मध्ये चिरमुऱ्यांचा पुडा. ईरण्णा फळ्याकडे बोट दाखवतो.

"हा बघ, आधीच काळा. तुला कष्ट नाहीत. काढ आता, वरच्या ओळीपासून."

"पोचत नाही रे."

"बाकावर उभा राहा की." तो मास्तरांचं बोट धरतो आणि गिरवायला लागतो.

"अहो, उठा की. न्यायला गाडी आलीये."

बायको खिडकीशी थबकते. तावदानावरच्या धुळीत एक गोल, वळणदार अक्षर उमटलंय, ताजं. मास्तरांचं बोट राखाडी.

"हे हो काय?"

आपण कानडीतलं एक अक्षर ओळखत नाही, असं चाळीस वर्षं प्रत्येक भाषणात अभिमानाने सांगत आलेले मास्तर म्हणतात, "ई. ईरण्णाचा."