‘पानी’ आलं, ‘बस’ राहिलं

माझी भाची संगीतोपचार करते. चंदीगडला आमच्या कॉलनीत हे सांगताना मी म्हणायचे, “हॉस्पिटलमध्ये असते, डॉक्टरांबरोबर.” पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यावं. यजमानांच्या एअर फोर्समधल्या बदलीमुळे आम्ही इथे, आणि पहिलीच नोकरी इथे लागली म्हणून ती आमच्याकडे. तिचं काम म्हणजे ‘पेशंटना गाणी म्हणणं’, यापुढे माझी समज गेली नव्हती. हॉस्पिटलातही फार कुणाची गेली नसावी. तिथे ती ‘गानेवाली मॅडम’.

त्या हिवाळ्यात ती घरात गुणगुणेनाशी झाली. ताटात अर्धं टाकायची. मोहालीच्या एका शाळेनं संगीत शिकवायची नोकरी देऊ केली होती, शनिवारपर्यंत कळवायचं होतं. मी शाळेच्या बाजूनं. सुट्ट्या, मुलं, स्नेहसंमेलन. आणखी काय हवं?

शुक्रवारी ती लवकर आली. “मावशी, आजोबांचा बेड रिकामा होता.” आजोबा म्हणजे तिचे वॉर्डातले पेशंट.

मी तिला जवळ घेतलं. “गेले का गं?”

“घरी गेले, पिंजौरला. काल डिस्चार्ज झाला, मला कुणी सांगितलंच नाही. मी गिटार घेऊन उभी.”

“मग चांगलंच की. बरे होऊन गेले.”

तिनं माझ्याकडे ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. अर्धांगवायूनं आजोबांची वाचा गेली होती. बोलता येत नव्हतं, पण चालीवर शब्द निघायचा. ही त्यांच्या डाव्या हातावर ठेका धरून दोन सुरांत ‘पा-नी’ म्हणायची. कित्येक आठवड्यांनी तेही म्हणू लागले होते.

“पानी आलं,” ती म्हणाली. “बस राहिलं.”

“पिंजौरची बस? त्रेचाळीस सेक्टरच्या स्टँडवरून मिळेल की.”

आतून माझा मुलगा म्हणाला, “मम्मी, बस मतलब इनफ.” उत्तरेतल्या छावण्यांत वाढलेला तो, मराठी कळतं, बोलत नाही.

भाची हसली आणि हसता हसता रडू लागली. “पुरे म्हणता येत नाही गं त्यांना. सून मायेनं भरवत राहते, मग ठसका लागतो. थोडंच राहिलं होतं.” मग हळूच, “आणि हे मी सांगू कुणाला? डॉक्टर डॉक्टरांशी बोलतात, नर्सेस नर्सेसशी. माझ्या कामाची तिथे मी एकटीच.”

मी चहा ठेवला. विचारलं, “सुनेला शिकवता येईल?”

तिनं डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली, घरच्यांना विचारलं. शनिवारी सकाळी मी गाडी काढली.

आजोबा उन्हात खाटेवर बसले होते, सून दलिया भरवत होती. भाचीनं सुनेचा हात त्यांच्या डाव्या हातावर ठेवला. ‘बस-जी’. वरचा सूर, खालचा सूर. सून लाजत लाजत म्हणू लागली. ती म्हणत राहिली, आजोबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी त्यांचे ओठ मिटले आणि फुटक्या आवाजात नुसता ‘ब’ आला. सुनेनं चमचा खाली ठेवला.

परतताना भाचीनं गाडी कडेला घ्यायला सांगितली. “शाळेला ‘नाही’ म्हणून कळवते. पण सोमवारी डॉक्टरांना सांगणार आहे, सकाळच्या राउंडला मलाही बोलवा.”

“आणि नाही बोलावलं तर?”

“तर सोडीन, मावशी. एकटीनं नाही निभत.”

सोमवारी डॉक्टर ‘देखते हैं’ म्हणाले. मंगळवारी तिला राउंडला बोलावलं. बुधवारी विसरले. ती आपणहून जाऊन उभी राहिली.