जपलेला गळा

डोंबिवलीच्या प्रमोदिनीबाईंनी लहानपणापासून गळा जपला. दही बंद, बर्फ बंद, लग्नाच्या पंगतीत श्रीखंडसुद्धा बंद! पुढे गाण्याचे क्लास काढले, तेव्हा मैफलीसाठी आवाज राखायचा म्हणून त्या नुसती पेटी वाजवायच्या. मुलींना प्रत्येक ओळ गाऊन दाखवायची ती त्यांची बारा वर्षांची लेक, क्षिप्रा. रोज चार बॅचेस. तिचा घसा बसला तरी, “ज्येष्ठमध चघळ आणि गा.” विशीतच तिचा आवाज गेला तो गेलाच.

परवा मानपाड्याच्या कार्यक्रमात, बहात्तराव्या वर्षी, बाईंचा वरचा सा लख्ख लागला.

“आवाज कसा राखलात हो?” कुणीतरी विचारलं.

बाईंनी एकदा क्षिप्राकडे पाहिलं. “कोमट पाणी पिऊन,” बाई कशाबशा म्हणाल्या.

शेजारी क्षिप्रा थर्मास उघडून उभीच होती. “घे आई,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “गळा सुकला असेल.”