सुनंदाने सांगितलेला अर्थ

मंडळी, आज जळगावहून धुळ्याला येताना पारोळ्याच्या पुढे एका ढाब्यावर चहाला थांबलो. तिथे एक जुनं पंजाबी गाणं लागलं होतं. सिनेमातलं नव्हे, नव्वदीतल्या एका पॉप कॅसेटमधलं. तेव्हा ती कॅसेट लग्नाच्या बँडपासून रसवंतीपर्यंत सगळीकडे वाजायची.

धुळ्यात शिकताना देवपूरच्या होस्टेलवर आमच्या खोलीत तर ती रोजच लागायची. शब्द मात्र कुणालाच कळत नसत. खोलीतल्या सुनंदाचे वडील मिलिटरीत, पंजाबात राहिलेले, म्हणून अर्थ तिला विचारायचा. ती सांगायची, "ती पोर म्हनस, माय, माले इतलामा देऊ नको. माले अजून शिकनं शे." म्हणजे, आई, इतक्यात माझं लग्न लावू नकोस, मला अजून शिकायचंय.

नाचायच्या गाण्यात एवढं दुःख आहे म्हणून आम्हाला ते आणखीच आवडायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न लावून दिलं. ती परत आलीच नाही. तिची पेटी आणि गादी भाऊ येऊन घेऊन गेला.

आज ढाब्याच्या सरदारजींना सहज अर्थ विचारला. ते हसून म्हणाले, "कुछ नहीं बहनजी, लडकी मेले में चूडियां मांग रही है."

म्हणजे सुनंदा गाण्याचं नव्हे, स्वतःचं सांगत होती. आम्हाला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगणं तिला जमलं नसेल.

तिचं सासरचं आडनावही मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाची आई, काकू, मामी देवपूरच्या होस्टेलात राहिलेली सुनंदा असेल, तर तिला सांगा, शोभा विचारत होती. आणि पुढे शिकायला मिळालं का, तेवढं विचाराल?