सांभाळून घ्या

बाई कुठल्याही खोलीत शिरल्या, की दोन बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक करायच्या आणि विचारायच्या, "कोण आलेलं नाही?" आलेल्यांची विचारपूस त्यानंतर.

त्यांच्याविषयी लिहायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. बायकोला अर्धं सांगितलं, मुलाला मुळीच नाही. आता वय झालं, म्हणून लिहायला बसलो.

नव्वदीच्या दशकात तुम्ही अमेरिकेत एडिसनला ओक ट्री रोडवर किराणा आणायला आला असाल, तर त्यांना पाहिलंच असेल. उंच, काळ्याभोर, डोक्याला केशरी रुमाल बांधलेल्या. मूळच्या केनियाच्या. तिथे विधवांना सासरची माणसं घराबाहेर काढत, त्या बायकांसाठी यांनी गावोगाव भांडणं केली होती. इथे आठवडाभर वृद्धाश्रमात काम करायच्या आणि शनिवारी चर्चच्या तळघरात आफ्रिकी बायकांना जमवायच्या. कुणाला नवरा मारतो, कुणाचा पासपोर्ट दिरानं लपवलाय. कागद, फोन, वकील, सगळं बाईच बघायच्या.

माझं तिथे झेरॉक्स आणि छपाईचं दुकान होतं. मराठी अक्षरं छापणारा कॉम्प्युटर त्या भागात माझ्याकडेच. "आमच्याकडेही दुकानाला 'दुका'च म्हणतात," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "म्हणजे आपण नातेवाईक, ब्रदर!"

एकदा त्यांनी इंग्रजी पत्रक आणलं. "तुमच्या बायकांची अडचण तीच आहे. व्हिसा नवऱ्याचा, म्हणून तोंड बंद. हे तुझ्या भाषेत कर." त्यात मोठ्या अक्षरांत एक ओळ होती: हे सोसायची गरज नाही. खाली फोन नंबर.

मी घाबरलो. पत्रक दुकानादुकानांत लागणार, आणि छापणारा मी आहे हे सगळ्यांना कळणार. शिवाय आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी माझा जिवलग मित्र. त्याच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या, मनगटावरचे वळ मी पाहिले होते. त्यांनी विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही ह्यांच्याशी बोलाल का?" मी म्हणालो होतो, "वहिनी, जरा सांभाळून घ्या."

तेच शब्द मी पत्रकात घातले. 'सांभाळून घ्या. अगदीच गरज पडली, तर फोन करा.'

"मोठ्या अक्षरांतलं काय आहे?" बाईंनी विचारलं.

"टेक केअर. स्वतःची काळजी घ्या."

बाई खूश. दहा वेळा माझ्याकडून म्हणून घेतलं. मग किराणा दुकानात भेंडी निवडणाऱ्या प्रत्येक बाईला त्या पिवळा कागद द्यायच्या आणि हसून म्हणायच्या, "सांबालून ग्या!" पोरी खुदकन हसायच्या. बाईंना वाटायचं, उच्चाराला हसतात.

तीन महिन्यांत आपल्या मराठी बायकांकडून एकही फोन गेला नाही. "तुमच्या बायका नशीबवान आहेत, ब्रदर," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. खोटं भाषांतर एकदाच केलं होतं. ही मान मी कितीतरी वेळा हलवली.

मग एका शनिवारी सुनंदावहिनी त्यांना डाळीच्या रांगेत भेटल्या. बाई म्हणाल्या, "सांबालून ग्या." वहिनींनी बास्केट खाली ठेवली आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं? याचा अर्थ गप्प बसा. मार खा आणि गप्प बसा."

सोमवारी सकाळी दोघी दुकानात आल्या. बाईंनी काउंटरवर टकटक केली.

"कोण आलेलं नाही?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही दिलं. "तीन महिने तुझ्या बायका आल्या नाहीत, ब्रदर. आता कळलं, का."

मी तोंड उघडलं. बाईंनी माझी वाट पाहिली नाही. पत्रक आणि लाल पेन त्यांनी वहिनींपुढे सरकवलं. वहिनींनी माझी ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'सोसू नका. आम्ही आहोत.'

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "शुद्धलेखन तुम्ही तपासा. अर्थ मी बघते."

त्याच आठवड्यात फोन वाजायला लागले. पुढच्या महिन्यात वहिनी लेकीला घेऊन बाईंच्या जुन्या व्हॅनमधून निघून गेल्या. मित्रानं माझ्याशी बोलणं टाकलं. वर्षभरानं वहिनी स्वतः गाडी चालवत दुकानासमोर आल्या. "टेस्ट पास झाले! पॅरलल पार्किंगसकट!" आणि खरोखरच माझ्या दारात, दोन गाड्यांच्या मधे, एका दमात गाडी लावून दाखवली.

बाई मात्र छपाईला माझ्याकडेच येत राहिल्या. एकदा धीर करून विचारलं, "अजून माझ्याकडेच का?"

"कॉम्प्युटर तुझ्याकडे आहे, ब्रदर." आणि खो खो हसल्या. त्या हसण्यातच मला माफी मागता आली असती. मी पानं मोजत राहिलो.

त्या तळघरातला एक शनिवार मी कधी विसरणार नाही. मी छापलेला बॅनर लावायला गेलो होतो. खुर्च्या संपलेल्या, साड्या आणि केशरी रुमाल एकमेकांना खेटून बसलेले. बाईंनी माइक हातात घेतला. केनियातल्या एका विधवेनं कोर्टात घर परत मिळवलं होतं, अकरा वर्षं भांडून. "काल तिनं आपल्या हातानं कुलूप उघडलं," बाई म्हणाल्या, आणि आफ्रिकी बायकांनी जीभ नाचवत आनंदाची ती उंच आरोळी दिली. आपल्या बायका आधी दचकल्या, मग त्यांनीही दिली. वहिनींची सगळ्यांत मोठी. बाईंनी पिवळा कागद उंच धरला. "सोसू नका!" आता उच्चार अगदी स्वच्छ होता. सगळं तळघर ओरडलं, "आम्ही आहोत!" दाराशी उभा असलेला मी टाळ्या वाजवत होतो, आणि माझ्या टाळ्यांची मलाच लाज वाटत होती.

मागच्या वर्षी बाई गेल्या. वहिनींचा फोन आला. "भाऊजी, शनिवारी सभा आहे, त्याच तळघरात. या."

मी गेलो, पण पार्किंग लॉटपर्यंतच. गाडीची काच खाली केली. तळघराच्या खिडकीतून टकटक ऐकू आली आणि पाठोपाठ वहिनींचा आवाज, "कोण आलेलं नाही?"

माझ्या खिशात पिवळा कागद होता. आदल्या दिवशी लिहिलेली एकच ओळ: 'बाई, त्या शब्दांचा अर्थ मला ठाऊक होता. मला माफ करा.'